तपासणीची चिठ्ठी देव्हाऱ्यात का गेली? शाळेतल्या मुलांच्या आरोग्यात घरच्यांना कसं जोडायचं

आमच्याकडे चौथीत एक पोरगा होता, फळ्यावरचं नीट दिसायचं नाही त्याला. आरोग्य पथक शाळेत येऊन गेलं, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की ग्रामीण रुग्णालयात डोळे दाखवा, मी ती चिठ्ठी त्याच्या हातात दिली, "घरी दाखव रे" म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले. साडेतीन महिन्यांनी तो अजूनही शेजारच्याच्या वहीत बघून लिहितोय हे लक्षात आलं तेव्हा संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आई-वडील उसाच्या फडावर, घरी फक्त आजी. चिठ्ठीचं विचारलं तर आजी उठली, देव्हाऱ्यातल्या फोटोच्या मागून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "मॅडम, तुमी दिल्याला सरकारी कागद, म्हून देवापशी जपून ठिवला की."

आजीला वाचता येत नव्हतं. तिने तिच्या परीने सगळ्यात सुरक्षित जागी तो ठेवला होता. चूक माझी होती, कारण नऊ वर्षाच्या पोराच्या हातात कागद दिला म्हणजे घरी कळवलं असं मी धरून चालले होते.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत जे बदललं ते इथे लिहितेय. आमची शाळा बीड जिल्ह्यातली, पहिली ते सातवी, चार शिक्षक, अर्ध्याहून जास्त मुलं ऊसतोड कामगारांची. तुमच्याकडे परिस्थिती वेगळी असेल, पण बऱ्याच गोष्टी कुठल्याही शाळेत जमतील.

आधी एक रकाना वाढवा

जूनमध्ये आपण मुलांची माहिती भरतोच, वडिलांचं नाव, आधार, मोबाईल वगैरे. त्यात एक रकाना वाढवा: "घरी प्रत्यक्षात कोण बघतं". म्हणजे सकाळी उठवून, जेवू घालून शाळेत पाठवणारं माणूस कोण. कुठे आजी, कुठे चुलती, कुठे आठवीतली मोठी बहीणच. आणि त्या माणसाशी बोलायचं कसं तेही लिहा, फोन आहे का, स्वतःचा की शेजारच्याचा, वाचता येतं का, किती वाजता घरी सापडतात. आमच्याकडे नोंदवलेले निम्मे नंबर वडिलांचे होते आणि वडील चारशे किलोमीटरवर, कारखान्याच्या हद्दीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण एवढे मेसेज टाकतो पण ज्या आजीने उद्या पोराला खायला घालून पाठवायचं आहे तिच्याकडे साधा बटणाचा फोन असतो, मग मेसेज कितीही चांगला लिहिला तरी पोचत नाही.

त्याच वेळी विचारून घ्या की मुलाला फिट येते का, दमा आहे का, कुठल्या औषधाची किंवा खाण्याची ॲलर्जी आहे का, काही ऑपरेशन झालंय का. हे घरच्यांनाच माहीत असतं आणि आपण विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं शाळेला कशाला सांगायचं, नाव काढून टाकतील. एका आईने फिटचं दोन वर्षं लपवलं होतं याच भीतीने. म्हणून विचारताना पहिलं वाक्य हेच म्हणा की "नाव काढायचं नाहीये, वर्गात काही झालं तर आम्हाला कळायला पाहिजे म्हणून विचारतोय".

पालकसभेत भाषण नको

आम्ही आधी सभा घ्यायचो सकाळी साडेदहाला. खुरपणीच्या दिवसात कोण येणार? एक दिवस शाळेत बसायचं म्हणजे एका बाईचा रोज बुडतो, हा हिशोब आपण पगारी माणसं विसरतो. मग सभा संध्याकाळी सातला मारुतीच्या पारावर घ्यायला लागलो, अर्धा तास, त्याहून जास्त नाही. आणि विषय "आरोग्याचे महत्त्व" असा ठेवायचा नाही. बायका अशा सभेत मान डोलावतात आणि घरी जातात, मी स्वतः अशा शिबिरात बसून तेच केलंय.

काय चाललं ते सांगते. शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने उंचीची पट्टी काढली. सभेच्या दिवशी प्रत्येक आईला तिच्या पोराची जून महिन्यातली उंची आणि आजची उंची तिच्या एकटीच्या हातात चिठ्ठीवर दिली. बास. त्यावरून प्रश्न त्यांनीच विचारायला सुरुवात केली, "माझं पोरगं दोन बोटं पण वाढलं न्हाई का?", "वजन कमी झालंय का आजारपणात?", मग बोलणं आपोआप खाण्यावर, जुलाबावर, पाण्यावर जातं. आशाताईंना बोलावून ठेवायचं, त्या गावातल्याच असतात, त्यांचं बोलणं आपल्यापेक्षा जास्त पटतं.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा, वजन-उंची सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवू नका. "हा बघा सगळ्यात हडकुळा" असं कुणी हसत जरी म्हटलं तरी ती आई परत येत नाही. आणि आरोग्य तपासणीचे फोटो ग्रुपवर टाकताना कुणाच्या अंगावरची खरूज, कुणाचे किडलेले दात दिसतायत का बघा. आम्ही मुलांचे फोटो टाकायचे बंदच केलेत, रांगेचा लांबून काढलेला फोटो पुरतो अहवालाला.

निपुण भारत म्हणजे लहान वर्गांना वाचता-लिहिता, गणित करता यावं यासाठीचं अभियान, त्यासाठी माता पालक गट आधीच केलेले असतात, आरोग्यासाठी वेगळी समिती काढू नका. त्याच गटाला महिन्यातून एकदा आरोग्याचा एकच विषय द्यायचा. आणि शाळा व्यवस्थापन समिती तर आहेच, शिक्षण हक्क कायद्याने त्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला लागतात. बऱ्याच ठिकाणी या महिला फक्त सहीपुरत्या असतात. त्यांच्यातल्या दोघींना नेमून कामं द्या, एक आहाराची, एक पाणी-संडासची. काम हातात आलं की माणूस विचारायला लागतं. आमच्याकडच्या एका ताईने मुलींच्या संडासाला आतून कडी नाही ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात पकडली, आम्ही चार शिक्षक रोज तिथून जात होतो.

तपासणीचा दिवस आणि त्यानंतरचे दिवस

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं (अंगणवाडीत दोनदा), जन्मतःचे दोष, पोषणाची कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर असं सगळं बघतं, आणि पुढच्या उपचाराला पाठवतं. हृदयाच्या ऑपरेशनपर्यंतचे उपचार यात मोफत होतात. योजना चांगली आहे. अडतं ते पथक निघून गेल्यावर.

म्हणून पथकाची तारीख कळली की आदल्या दिवशी निरोप असा द्यायचा की "उद्या डॉक्टर येणार आहेत, तुमच्या पोराला काही होत असेल तर तुम्ही स्वतः येऊन सांगा". ज्यांच्याबद्दल आपल्याला शंका आहे, म्हणजे फळा न दिसणारी, सारखी कान धरणारी, खेळताना लगेच धाप लागणारी, अशा मुलांच्या घरी मात्र निरोपावर भागवू नका, स्वतः जा. पाच-सहाच घरं असतात. डॉक्टरला एका मुलामागे फार थोडा वेळ मिळतो, त्यात "हा रात्री झोपेत घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो" हे फक्त घरचं माणूस सांगू शकतं. तसंच वर्गातलं फक्त आपण सांगू शकतो. डोळे बारीक करून बघणं, मान वाकडी करून वाचणं, दुसऱ्याचं बघून उतरवणं, हाक मारली तर ओ न देणं, हे आठवडाभर आधी वहीत टिपून ठेवायचं.

डोळ्यांची साधी चाळणी तर शिक्षकाला पण करता येते. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना विनंती करा, तक्ता मिळतो. सहा मीटर अंतर टेपने मोजून खडूने रेघ मारायची, उजेड तक्त्यावर पडला पाहिजे, एक डोळा तळहाताने झाकायचा पण दाबायचा नाही, आणि आधीच्या पोराने वाचलेलं पाठ करून दुसरा म्हणत नाही ना बघायचं (म्हणतात!). शाळेतल्या मुलांना चष्मा मोफत मिळायची सोय आहे, तो खर्च आहे या भीतीने घरचे थांबलेले असतात म्हणून हे पहिल्यांदा सांगा.

आता चिठ्ठी. आम्ही एक दोनशे पानी वही केली, ना रजिस्टर ना फॉरमॅट, फक्त चार रकाने: मुलाचं नाव, काय सांगितलं, घरी कुणाला तोंडी सांगितलं, दाखवून आले का. तिसऱ्या रकान्यात माणसाचं नाव लागतंच, "पालकांना कळवले" असं लिहायचं नाही. आणि चौथा रकाना भरेपर्यंत दर शनिवारी वही उघडायची.

नुसतं सांगूनही भागत नाही, कारण जायचं कधी? आम्ही तालुक्याच्या बाजाराचा दिवस धरला. त्या दिवशी घरातलं कुणी ना कुणी तालुक्याला जातंच, रोज वेगळा बुडत नाही, गाडीभाडं वेगळं नाही. फक्त डोळ्यांचे, दातांचे डॉक्टर त्या दिवशी असतात का ते आदल्या दिवशी फोन करून विचारायचं, नाहीतर एकदा फुकट खेप झाली की ती माणसं पुन्हा जात नाहीत. चार-पाच मुलं असतील तर एका टमटममध्ये, सोबत दोन पालक आणि आशाताई. आजीच्या त्या पोराला असाच चष्मा मिळाला. पहिल्या दिवशी वर्गात बसून तो खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत होता, म्हणाला, "मॅडम, पानं सुटी सुटी दिसतात."

गोळ्या

इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतात म्हणून थोडं सविस्तर.

जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, राष्ट्रीय जंतनाशक दिनाला देतात, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, आणि जी मुलं गैरहजर असतील त्यांच्यासाठी थोड्या दिवसांनी मॉप-अप दिवस असतो. गोळी चावून खायची, वर पाणी. ज्याला ताप आहे, आजारी आहे त्याला त्या दिवशी द्यायची नाही, बरं वाटल्यावर. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर थोडं मळमळतं, पोटात दुखतं, आणि थोड्या वेळात बरं वाटतं. हे आदल्या दिवशी घरी माहीत असेल तर कुणी घाबरत नाही, आणि माहीत नसेल तर संध्याकाळी "शाळेतल्या गोळीने पोरं आजारी" अशी बातमी गावभर.

लोहाची गोळी आठवड्यातून एकदा. लहान मुलांना गुलाबी, सहावीपासून पुढच्यांना निळी. ही कधीच उपाशीपोटी नको. आम्ही एकदा घाईत परिपाठानंतर लगेच दिली, दोन मुलं घरून काही न खाता आली होती, त्यातल्या एकाला उलटी झाली आणि त्याची आई तावातावाने शाळेत आली. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून गोळी शाळेतल्या जेवणानंतरच, आणि आमच्यातला एक शिक्षक समोर उभा. शी काळी होते हे घरी आधी सांगा, त्याने काही बिघडत नाही. आणि गोळी घेतल्यावर किंवा जेवणासोबत चहा देऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलं तर उलट चांगलं लागतं. आमच्या भागात पोरं सकाळी चहा आणि खारी, चहा आणि शिळी भाकरी खाऊन येतात, ते एका दिवसात सुटणार नाही. आम्ही "चहा बंद करा" म्हटलंच नाही, म्हटलं भाकरी चहाऐवजी कालवणाशी खाऊ घाला आणि चहा द्यायचाच तर नंतर तासाभराने द्या. काही घरांनी ऐकलं, काहींनी नाही.

गोळ्यांच्या दिवशी दोन-तीन आयांना शाळेत बोलावून बसवा. त्यांच्यासमोर वाटप झालं की गावात उलटसुलट बोलणं निघालं तरी उत्तर त्याच देतात.

खिचडीची चव कोण घेतं

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेलं आहे, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. हे पालकांना माहीत नसतं. स्वयंपाकघराच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि ग्रॅमसोबत वाटीत पण लिहा, आमच्याकडे पंचवीस पोरांची डाळ म्हणजे कुठलं मापटं किती वेळा ते खुणा करून ठेवलंय. लपवण्यासारखं काही नसेल तर लिहायला काय हरकत आहे.

जेवण वाढायच्या आधी शिक्षक चव घेतात, रजिस्टरला सही होते. आम्ही त्यात रोज एक आई ठेवली, पाळीपाळीने. एका ताईने मटकीच्या उसळीचा घास घेतला आणि म्हणाली, "मॅडम, ही शिजली न्हाई, पोरं गिळत्यात निस्ती." आम्ही रोज खात होतो, कधी लक्षात आलं नव्हतं. तिनेच स्वयंपाकी ताईंना सांगितलं की मटकी रात्रीच भिजत घालायची आणि टोमॅटो, चिंच शेवटी टाकायची, आंबट आधी पडलं की कडधान्य शिजायला वेळ घेतं. हे सांगताना एक जपा, स्वयंपाकी ताईंना तपासायला आलेत असं वाटता कामा नये, त्या तुटपुंज्या मानधनावर धुरात उभ्या असतात. ती आई आणि ताई दोघी चुलीजवळ बसून बोलल्या, आम्ही बाहेर थांबलो.

परसबागेत शेवगा लावा. एकच झाड, पाणी कमी लागतं, पाला वरणात जातो. हात धुवायच्या पाण्यावर आमची दोन झाडं जगली. उन्हाळ्यात टँकर असतो तेव्हा नळाला पाणी नसतं, मग झाकणाला भोकं पाडलेल्या बाटल्या टांगतो, एका बाटलीत बरीच पोरं हात धुतात, आणि साबण जुन्या नायलॉनच्या जाळीत बांधून लटकवायचा म्हणजे हरवत नाही, मातीत पडत नाही.

पाच रुपयांच्या पाकिटांचं काय करायचं हा प्रश्न सगळे विचारतात. शाळेच्या ५० मीटरच्या आत असलं जास्त मीठ-साखर-तेलाचं खाणं विकू नये असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, आणि तंबाखूला तर १०० यार्डाची बंदी आहे. पण गावात दुकानदार म्हणजे कुणाचा तरी चुलताच असतो. आमच्या समितीचे अध्यक्ष त्याच्याकडे चहा प्यायला गेले, शाळेच्या वेळात पोरांना पाकीट देऊ नको, त्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की आणि फुटाणे ठेव, एवढंच बोलले. चिक्की खपते हे त्याला दिसलं. पाकिटं अजून आहेत, पण मधल्या सुट्टीत नाहीत.

खरजेबद्दल एक, पावसाळ्यात हमखास येते. एकट्या पोराला मलम देऊन काही होत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आणि कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायची. हे घरी जाऊनच सांगावं लागतं, आणि वर्गात त्या मुलाला वेगळं बसवून तर अजिबात नाही.

मोठ्या मुलींच्या पाळीबद्दल आम्ही सातवीच्या मुली आणि त्यांच्या आया-आज्या असं एकत्र बसतो, पुरुष शिक्षक त्या तासाला मैदानावर. मुलींपेक्षा आयाच जास्त प्रश्न विचारतात.

दिवाळीआधी

ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडं दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात, काही आई-बापाबरोबर जातात. म्हणजे फेब्रुवारीची जंताची गोळी, हिवाळ्यातली तपासणी, दहाव्या वर्षीची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस, यातलं बरंच त्यांचं चुकतं. त्यामुळे आमची सगळी धावपळ ऑगस्ट ते ऑक्टोबर. वही उघडून चौथा रकाना रिकामा असलेली नावं आधी, तालुक्याच्या खेपा त्या तीन महिन्यांत.

स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतो आपण, ते दाखवून जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून. त्याला एक कागद टाचून देतो, त्यावर वजन-उंची, राहिलेली लस, गोळी कधी घेतली, काही आजार असेल तर तो. आणि त्या कागदाचा फोटो वडिलांच्या फोनमध्ये आमच्यासमोर काढायला लावतो, कारण कागद कोपीत पावसात भिजतो, फोन खिशात राहतो. मुकादमाचा नंबर पण घेतो. वाचता न येणाऱ्यांना व्हॉइस मेसेज करायचा, लांबलचक नाही, एवढाच: "ताई, मी शाळेतून बोलतेय, तिथल्या उपकेंद्राच्या नर्सताई फडावर आल्या की पोरीचा हा फोटो दाखवा, तिची एक लस राहिलीय." कारखान्याच्या भागातल्या आशाताईंना कुणी असा फोटो दाखवला की त्यांचं पण काम सोपं होतं.

मागच्या जानेवारीत रात्री साडेआठला फोन आला, कोल्हापूरकडून. देव्हाऱ्यातल्या चिठ्ठीवाल्या पोराची आई. पोरगा त्या वर्षी त्यांच्याबरोबर गेला होता. "मॅडम, चष्म्याची काडी मोडली, ह्याच्या बापानं तारंनं बांधली, चालंल का?" मी विचारलं, काच फुटलीय का, कानाला टोचतंय का. नाही म्हणाली. मग चालेल, म्हटलं, तारेवर कापडाची चिंधी गुंडाळा, आणि गावाकडे आलात की त्या बाजाराच्या दिवशी आपण काडी बसवून आणू.